राग किती दिवस टिकतो

माझा भाऊ लोकांचा राग मोजायचा. खरोखर मोजायचा, दिवसांत. एखाद्या भागातलं पाणी बंद केलं तर तिथले लोक किती दिवस चिडलेले राहतील, हे तो दूधवाल्याने दूध मोजावं तितक्या सहज सांगायचा, आणि आकडा बहुतेक वेळा बरोबर निघायचा. या एका गुणावर तो पालिकेच्या तक्रार खिडकीतून उठला आणि महापौरांच्या शेजारच्या खोलीत जाऊन बसला. त्याच्याबद्दल पुढे बरंच बोललं गेलं, छापूनही आलं. छापणाऱ्यांना तो कळला असं मला वाटत नाही. मी त्याची सख्खी बहीण, आणि मलाही तो पन्नाशीला आल्यावर कळला.

आमचे वडील पालिकेच्या शाळेत शिपाई होते. शाळेच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही राहायचो. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सुट्टीच्या दिवशी सगळी शाळा आमच्या दोघांची असायची. तो मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून हुकूम सोडायचा आणि मी फळ्यावर लिहायचे. पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका झाले आणि बावीस वर्षं तिथेच शिकवलं. दादा चिडवायचा, “तू नोकरी कसली करतेस? मागच्या खोलीतून उठून पुढच्या खोलीत आलीस, एवढंच.” मी लग्न केलं नाही. घर, माहेर, संसार, जे काही म्हणायचं ते त्या एका बैठ्या इमारतीत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं.

दादाने कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि वॉर्ड ऑफिसात कारकून म्हणून चिकटला. त्याला तक्रार खिडकीवर बसवलं. ती जागा शिक्षेची समजत असत. समोर लोखंडी जाळी, जाळीला कागद सरकेल एवढी फट आणि फटीतून दिवसभर शिव्या. बाकीचे कारकून तक्रार लिहून घ्यायचे आणि विसरायचे. दादाने एक वेगळीच खोड लावून घेतली. तोच माणूस त्याच तक्रारीसाठी परत आला की वहीच्या समासात तो पेन्सिलीने एक रेघ मारायचा. माणूस यायचा थांबला की रेघा मोजायचा. असं त्याने बारा वर्षं केलं.

जेवताना आम्हाला त्याचे निष्कर्ष ऐकावे लागायचे. रस्त्यावरचा दिवा गेला तर माणूस दोनदा येतो. गटार तुंबलं तर रोज येतो, पण तिसऱ्या आठवड्यात नाकाला सवय होते. पाण्याचा माणूस सोडता सोडत नाही. आणि शेजाऱ्याच्या बांधकामाची तक्रार मरेपर्यंत चालते, कारण ती बांधकामाची नसतेच मुळी. आम्ही हसायचो. वहिनी म्हणायची, “माझा राग किती दिवसांचा ते पण सांगा एकदा.” तो म्हणायचा, “तुझा पगाराच्या तारखेपर्यंत.”

एक दिवस त्या भागाचे नगरसेवक खिडकीशी तणतणत आले. त्यांच्या वॉर्डात रस्ता खणला होता आणि लोकांनी त्यांना पळवून लावलं होतं. दादाने जाळीच्या आतून शांतपणे विचारलं, “साहेब, तुम्ही कितव्या दिवशी गेलात?”

“पहिल्याच! लगेच धावत गेलो मी.”

“तिथेच चुकलं. पहिल्या दिवशी लोकांच्या अंगात जोर असतो. सहाव्या दिवशी जा. तोवर ते दमलेले असतात. जो येईल तो त्यांना आपला वाटतो.”

नगरसेवकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आठवड्याने ते परत आले आणि या वेळी खिडकीशी न थांबता दार उघडून आत आले. सहाव्या दिवशी लोकांनी त्यांना खुर्ची दिली होती, चहा दिला होता. तेव्हापासून दादा त्यांचा झाला. पुढे ते महापौर झाले, एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही निवडणुका दादाच्या डोक्यातून लढवल्या गेल्या.

महापौर भवनात त्याला जी खोली मिळाली तिला खिडकी नव्हती. दारं मात्र दोन होती, एक व्हरांड्यात उघडणारं आणि एक थेट महापौरांच्या दालनात. दारावर नावाची पाटी नव्हती, कारण तो कुठल्याच पदावर नव्हता. भिंतीवर एक भलंमोठं कॅलेंडर होतं. त्यावर त्याने परीक्षा, निकाल, मोठे सामने, पगाराच्या तारखा रंगीत पेन्सिलींनी भरून ठेवल्या होत्या. वाईट बातमी निकालाच्या दिवशी सोडायची, म्हणायचा, त्या दिवशी प्रत्येक घर स्वतःच्याच भानगडीत असतं. भवनातले लोक त्याला ‘हवामान खातं’ म्हणत. महापौरसुद्धा दार ढकलून विचारायचे, “काय हो हवामान खातं, आज बाहेर पडू का?”

कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा झाला की आधी दादाचा ‘कागद’ व्हायचा. साधा रेघी कागद, त्याला उभे चार रकाने. कोण चिडेल, किती जण, किती दिवस, आणि कशाने शांत होतील. कागद हाताने लिहायचा, एकच प्रत, ती महापौरांच्या हातात. या पद्धतीने त्याने शहरात पुष्कळ चांगलं केलं, हेही सांगायला हवं. फेरीवाल्यांना उठवायचं होतं तेव्हा त्याच्या कागदामुळेच त्यांना आधी जागा मिळाली. लाठ्या चालवाव्या लागल्या नाहीत. मला त्याचा अभिमान होता. शिक्षकांच्या खोलीत मी त्याचे किस्से सांगत असे आणि सगळ्या जणी ऐकत असत.

महापौर माणूस गोड. खांद्यावर हात ठेवल्याशिवाय बोलायचा नाही. आमचे वडील गेले तेव्हा तो घरी आला आणि तासभर जमिनीवर आमच्यासोबत बसला. दादा त्या एका तासासाठी आयुष्यभर त्याचा ऋणी राहिला. महापौर तिसऱ्या दिवशी आला होता, पहिल्या दिवशी नाही. त्या वेळी मला त्यात काही खटकलं नव्हतं.

वार्षिक परीक्षेला दोन महिने होते तेव्हा आमच्या शाळेच्या पटांगणात फीत घेऊन चार माणसं आली. त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत मापं घेतली आणि आमच्याशी एक शब्द न बोलता निघून गेली. दोन दिवसांत सगळ्या वस्तीत झालं की शाळा बंद होणार, मुलांना हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालणार आणि इथे गाड्या ठेवायला पाचमजली वाहनतळ उठणार. दोनशे बारा मुलं होती आमची. पालकांमध्ये एक बस कंडक्टर होता, आवाज दणदणीत. त्याने शाळेच्या फाटकात उभं राहून जाहीर केलं की रविवारी महापौर भवनावर मोर्चा. इस्त्रीवाली, रंगारी, दोन नर्सबाई, सगळे तयार झाले. मी कंडक्टरला म्हटलं, एक आठवडा द्या, मी विचारून येते.

त्या रविवारी मी दादाकडे जेवायला गेले. पान वाढेपर्यंतही मला धीर नव्हता.

“दादा, खरं सांग. शाळा जाणार आहे का?”

“कोण म्हणालं?”

“फीत घेऊन माणसं आली होती.”

“पालिकेला मापं घेण्याशिवाय दुसरं काम काय? उद्या तुझंही माप घेतील.” मी हसले नाही. तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, “मी त्या खोलीत असेपर्यंत आपल्या शाळेला कोणी हात लावत नाही. शब्द देतो.”

आपल्या शाळेला, असं म्हणाला तो. वहिनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ती उठून आत गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी पालकांना सांगितलं की माझ्या भावाने शब्द दिला आहे. कंडक्टरने बराच वेळ टोपी हातात फिरवली. “बाई, तुमच्या भावाला आम्ही ओळखत नाही,” तो म्हणाला. “पण माझ्या दोन्ही पोरांना तुम्ही लिहायला शिकवलंत. तुम्ही सांगताय म्हणून थांबतो.” मोर्चा रद्द झाला.

परीक्षा झाल्या, निकाल लागले, शाळेला सुट्टी लागली. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी झाडूवालीचा फोन आला. बाई, बाकं ट्रकमध्ये चढवतायत. मी पोहोचले तोवर अर्धे वर्ग रिकामे झाले होते आणि पटांगणाला पत्रे ठोकायचं काम चाललं होतं. फळे भिंतीवरून काढून उताणे टाकले होते. वडिलांच्या दोन खोल्यांवरचं छप्पर निघालेलं होतं आणि आत ऊन पडलं होतं. समोरच्या फुटपाथवर कंडक्टर उभा होता. मला बघून त्याने मान फिरवली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दादाचा फोन बंद. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मी घरात येरझारा घालत त्याला काय काय सुनवायचं ते पाठ करत होते. तोंडघशी पाडलंस मला, हे तर त्यातलं सर्वांत सौम्य. चौथ्या दिवशी दुपारी तो दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.

“मला माहीत नव्हतं गं,” तो म्हणाला. “माझ्या खोलीवरून फाईल गेली आणि मला पत्ता लागू दिला नाही. साहेबांनी केसाने गळा कापला माझा.”

आणि तो रडला. आईवडील गेले तेव्हा न रडलेला माणूस माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडला. माझं सगळं पाठांतर तिथेच वाहून गेलं. मी चहा टाकला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि वर त्यालाच समजावलं, तुझा काय दोष त्यात. तो गेल्यावर मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! भाऊ परत मिळाला होता. आजही ती दुपार आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शाळा सुरू झाली ती हमरस्त्यापलीकडे. रस्ता चार पदरी, मधे कठडा, वरून पादचारी पूल, चढायला बासष्ट पायऱ्या. मी रोज जाताना मोजायचे. आमच्या मुलांची नावं नव्या पटावर चढली होती. मुलं मात्र सगळी चढली नव्हती. मी जुना हजेरीपट कपाटातून काढून आणला होता, तो उघडून एकेक नाव पडताळलं. दोनशे बारांपैकी एकशे एक्केचाळीस येत होती. एकाहत्तर मुलं कुठल्याच शाळेत नव्हती.

मग महिनाभर शाळा सुटल्यावर मी घरं पालथी घातली. काही मुलं आजीकडे गावी धाडली होती, काही दुकानांत माल मापून देत होती. मुली बहुतेक घरीच. सहावीतली एक, जी माझ्या वर्गात सगळ्यांत आधी हात वर करायची, तिने धाकट्याला कडेवर घेऊन दार उघडलं. “बाई, आई म्हणाली मोठा रस्ता ओलांडायचा नाही,” ती म्हणाली आणि मला बसायला खुर्ची पुसून दिली.

मी यादी केली. नाव, वय, इयत्ता, सध्या काय करतो. ती घेऊन आधी दादाकडे गेले, दुसऱ्या कोणाकडे नाही. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली.

“थांब थोडी. दोन महिन्यांत मुलांसाठी बस लावून देतो.”

दोन महिने थांबले. बस आली नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाला, तू फार मनाला लावून घेतेस. अजून एक महिना गेला आणि त्या सहावीतल्या मुलीचं कुटुंब वस्ती सोडून गेलं, कुठे ते कोणालाच सांगता आलं नाही. त्या दिवशी मी ती यादी वर्तमानपत्रात काम करणाऱ्या एका बाईला दिली. ती माझीच जुनी विद्यार्थिनी. दादाला विचारलं नाही. कोणावर शेकेल याचा विचार केला नाही असंही नाही. महापौरांवर शेकावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

‘एकाहत्तर मुलं कुठे गेली?’ असा पहिल्या पानावर मथळा आला. सगळीकडे बोंब झाली. महासभेत विरोधकांनी महापौरांना घेरलं. आणि हा गोड माणूस भरसभेत उठून म्हणाला की मी तर शाळा वाचवायच्या बाजूने होतो, मला माझ्या सल्लागाराने चुकीचा अंदाज दिला, हा घ्या पुरावा. त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. सगळं खापर एका कागदासकट दादाच्या डोक्यावर फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद जसाच्या तसा छापून आला. मी तो शिक्षकांच्या खोलीत वाचला. दादाचं अक्षर वडिलांनी घटवून घेतलेलं, वळणदार, एकही खाडाखोड नाही. वर तारीख होती. मी त्याच्याकडे जेवायला गेले त्या रविवारच्या नऊ दिवस आधीची.

पहिली ओळ पालकांची होती. सुमारे दीडशे जण. मोर्चा निघाला तर महिना, न निघाला तर सहा दिवस. शांत कशाने होतील? ‘शाळेतील शिक्षिकेला, म्हणजे माझ्या बहिणीला, शब्द द्यावा. लोकांचा तिच्यावर विश्वास आहे. ती त्यांना थोपवेल.’

दुसरी ओळ माझी. ‘शिक्षिका. एक. चार दिवस. मी स्वतः जाईन. मलाही अंधारात ठेवलं असं सांगेन.’

खाली वाहनतळाच्या आसपासचे दुकानदार होते, रिक्षावाले होते, रद्दीवाला सुद्धा होता. तो दीड दिवस चिडणार होता.

एका बाईंनी पेपर हळूच घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकला, जणू तो दिसेनासा झाला की झालं. मला काय वाटलं ते सांगायचं तर सगळ्यात आधी त्या ‘एक’ या आकड्याचा राग आला. शब्द खोटा होता, ते समजू शकते. राजकारणात शब्द फिरतात. पण तो शब्द मुळात द्यायचाच होता मला वापरायला. आणि ते रडणं. ते तीन महिन्यांहून आधी लिहून ठेवलेलं होतं. माझी माया त्याने चौथ्या रकान्यात धरली होती आणि तीही बरोबर चौथ्या दिवशी निघाली होती.

इकडे त्याच सकाळी दादा नेहमीसारखा भवनात गेला तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला अडवलं. इतकी वर्षं सलाम ठोकणारा माणूस खाली बघून म्हणाला, “साहेब, यादीत नाव नाही.” दादा तासभर फाटकाशी उभा राहिला. महापौरांची गाडी त्याच्या समोरून आत गेली, काचा वर होत्या. संध्याकाळी त्याचं सामान एका खोक्यातून घरी आलं.

हे मला वहिनीने फोनवर सांगितलं. “एकदा बोल त्यांच्याशी. जेवत नाहीत, झोपत नाहीत.”

“वहिनी, तुला माहीत होतं?”

“आधी नव्हतं,” ती म्हणाली. “ त्या दिवशी जेवताना, त्यांनी शब्द दिला ना, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.”

“आणि तू उठून आत गेलीस.”

“काय करणार होते मी?” ती म्हणाली. मी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी दुपारी तो स्वतःच आला. मी दार उघडलं, कारण भाऊ दारात उभा असताना ते न उघडण्याची सवय माझ्या हाताला नव्हती. आठवड्याभरात तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. मी त्याच्यासमोर चहा ठेवला. त्याने कपाला हात लावला नाही.

“एकदा मला विचारायचंस,” तो म्हणाला. “पेपरात द्यायच्या आधी. सख्ख्या बहिणीने असं करावं?”

मला हसूच आलं. त्यालाही ते जाणवलं असावं, तो खाली बघायला लागला.

“मला शब्द दिलास तेव्हा सगळं ठरलं होतं?”

“शाळा जाणारच होती गं. वरून ठरलं होतं, मी आडवा पडलो असतो तरी गेली असती. मोर्चा निघाला असता तर पोलिसांनी दोन-चार जणांची डोकी फोडली असती, पुढे तू दिसली असतीस, तुझी नोकरी गेली असती. मी त्यातल्या त्यात कमी नुकसान बघितलं. तुला वाचवलं मी.”

“आणि मुलं?”

“मुलं काय?”

“कागदावर रद्दीवाला आहे. मुलं कुठे आहेत?”

तो खरंच विचारात पडला. “मुलं कुठे चिडतात,” तो म्हणाला. सारवासारव म्हणून नाही म्हणाला. त्याच्या पद्धतीत जो चिडत नाही त्याला रकाना नव्हता, इतकं साधं होतं ते.

“दादा, खिडकीवर जी माणसं यायची बंद व्हायची, ती शांत झाली असं तू धरायचास. कधी कोणाच्या घरी जाऊन बघितलंस, खरंच शांत झाली का?”

“ती आलीच नाहीत तर मोजणार कशी?” तो म्हणाला.

मग तो महापौरांबद्दल बोलायला लागला. किती वर्षं, किती निवडणुका, किती वेळा त्या माणसाला उचलून उभं केलं. एक फोन नाही. गाडीची काच खाली केली नाही. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला आणि डोळ्यांतून पाणी आलं. या वेळी ते खोटं नव्हतं. मी त्याला माझ्या जन्मापासून ओळखते आणि त्या पाण्याची मी शपथ घेईन. ज्या घरात आमचं बालपण गेलं ते दोघांचंही गेलं होतं, ज्यांनी वापरून घेतलं त्यांनी दोघांनाही घेतलं होतं, असं काहीबाही मनात यायला लागलं. मी उठले. त्याच्या खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

त्याने नाव बघितलं आणि तो ताडकन उभा राहिला. डोळे पुसले, शर्टाची कॉलर सारखी केली, फोनवर कोणी बघणार असल्यासारखी. फोन घेऊन तो गॅलरीत गेला. गॅलरी म्हणजे चार पावलं, सगळं ऐकू येत होतं.

“बोला साहेब... नाही, नाही, तुमची अडचण मी समजू शकतो. मी कुठे जातोय... हे वादळ ना?” तो थांबला. त्याचा आवाज खाली आला, तयार झाला, तोच तो जुना आवाज, ज्याचं मी कौतुक करत आले होते. “नऊ दिवस. फार तर दहा. पुढच्या आठवड्यात सहामाहीचे निकाल आहेत, त्यानंतर कोणी बोलणार नाही. तोवर तुम्ही त्या शाळेकडे फिरकू नका.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दादा वळला. मी दारातच उभी होते, त्याला पूर्ण दिसत होते. माझ्याकडे बघत तो म्हणाला,

“बहिणीचं माझ्यावर सोडा, साहेब. तिचं मी बघतो.”

मी त्याचा कप उचलला, चहा ओतून टाकला, बाहेरचं दार सताड उघडलं आणि ते धरून उभी राहिले. तो फोन संपवून आत आला. चेहऱ्यावर रंग परत आला होता. उघड्या दाराकडे आणि माझ्याकडे त्याने पाहिलं. सगळ्या शहराच्या मनातलं दिवसांत सांगणारा माणूस तो.

“बरं केलंस उघडलंस,” म्हणाला, “उकडत होतं फार.” आणि परत खुर्चीत बसून त्याने चहासाठी इकडेतिकडे पाहिलं.

मग मला त्याला तोंडाने सांगावं लागलं, की जा.